शिरूरच्या पोरींचं रग्बी

लातूरकडे रग्बी बघायला चाललोय असं सांगितल्यावर आईने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग तिने बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी पेपर तोंडापुढे धरला.

आमचं गाव गुहागरकडचं. तिथे क्रिकेट खेळतात, कबड्डी खेळतात आणि पावसाळ्यात काहीच खेळता येत नाही म्हणून भांडतात. मला रग्बीचं वेड कुठून लागलं, हे घरात कुणालाच उमगलेलं नाही. पुण्याच्या हॉस्टेलवर न्यूझीलंडचा सामना असला की मी लेक्चर बुडवून मोबाइलला डोळे लावून बसतो. अंगात त्यांची काळी जर्सी असते, आणि ती धुवायला टाकायची वेळ आली की जीव खालीवर होतो. स्वतः मात्र मी एकदाही खेळलेलो नाही.

माझा खोलीतला जोडीदार वैजनाथ शिरूर अनंतपाळचा. दोन वर्षं त्याने माझी बडबड मुकाट ऐकली आणि या जानेवारीत एकदा सहज म्हणाला, "माझी बहीण खेळती की रग्बी. पुढच्या आठवड्यात लातूरला त्यांचा निवडीचा सामना हाय." मी त्याला विचारलं, अरे गाढवा, हे आधी का नाही सांगितलंस? तर म्हणे, "तू कुठं इचारलंस? तू तर नुसतं सांगूनच राहिला होतास."

मी पोरींसाठी एक नवा कोरा चेंडू विकत घेतला आणि आम्ही निघालो.

नांदेड

लातूरच्या गाडीचं तिकीट मिळालं नाही, नांदेडचं मिळालं. बरंच झालं. स्टेशनबाहेर पडलो तर रिक्षावाल्या चाचांनी माझ्या काखेतल्या चेंडूकडे पाहून विचारलं, "भाई, ये गेंद है की कद्दू?" मी म्हटलं, गेंद. "गोल नक्को क्या फिर?" गुरुद्वारा येईपर्यंत मी त्यांना खेळ समजावत होतो आणि ते मान हलवत होते. उतरताना म्हणाले, "खेल अच्छा है, लेकिन गेंद बदलो."

गुरुद्वाऱ्यात जोडे ठेवायच्या खिडकीत पांढऱ्या दाढीचे एक आजोबा बसले होते. चेंडू आत नेऊ की नको, या विचारात मी उभा होतो. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, पुसला, आणि जोड्यांचा दिला तसाच त्याचाही एक वेगळा बिल्ला माझ्या हातावर ठेवला.

लंगरमध्ये माझ्या एका बाजूला पंजाबातून आलेला ट्रकवाला होता आणि दुसऱ्या बाजूला भाजीची रिकामी टोपली घेऊन आलेली बाई. डाळ, रोट्या, खीर. कोण कुठला, कुणी विचारलं नाही. आमच्याकडच्या उत्सवात महाप्रसादाच्या पंगती अजून वाडीवार बसतात आणि कोणती वाडी आधी यावरून दरवर्षी रुसवेफुगवे होतात. मला याची लाज वाटते, आणि हे गावात बोललो की 'पुण्याला जाऊन शहाणा झाला' असं ऐकावं लागतं. इथे बोलण्याचा प्रश्नच नव्हता. बसलो, जेवलो, नंतर थाळ्या घासल्या. वैजनाथ म्हणाला, घरी कधी ताट उचललं होतंस का? मी पुढची थाळी ओढली.

लोह्याच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी. निघण्याआधी स्टँडवर सुशीला खाल्ला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना मिरची, शेंगदाणे आणि हळदीची फोडणी देऊन केलेला हा पदार्थ पोह्यांच्या घरातला, पण पोह्यांपेक्षा हलका. कोकणी माणसाला पोह्यांचा अभिमान असतो. मी तो गिळून दुसरी प्लेट मागितली.

लोह्याच्या अलीकडे गाडी एका खड्ड्यात आदळली आणि वरच्या फळीवरचा चेंडू घरंगळत थेट एका पटकेवाल्या बाबांच्या मांडीत पडला. बाबांनी तो उलटसुलट करून बघितला.

"काय हाय हे?"

मी खेळ सांगायला लागलो. अर्धी गाडी ऐकत होती. चेंडू घेऊन पुढे पळायचं, पण हाताने दुसऱ्याला द्यायचा तर मागच्यालाच द्यायचा, पुढच्याला देता येत नाही.

बाबा विचारात पडले. "म्हंजी जायचं म्होरं अन् द्यायचं मागं?"

"हो."

"मंग ही तर आमची ग्रामपंचायतच झाली की!"

गाडी एवढी हसली की कंडक्टरने मागे वळून पाहिलं. पुढे अहमदपूरला गाडी बदलेपर्यंत बाबांनी चेंडू काही माझ्या हातात दिला नाही, स्वतःच्या मांडीवर धरून बसले होते.

हे सगळं रान मला नवीन होतं. आमच्याकडे नजर जाईल तिथे डोंगर आडवा येतो. इथे काळ्या जमिनीवर ज्वारी उभी, मध्ये हरभरा, आणि आभाळ पार खालपर्यंत आलेलं. पुण्यात मराठवाडा म्हटलं की लोक तोंड पाडून दुष्काळाचं बोलतात. पाण्याचे हाल आहेतच, वैजनाथही ते सांगतो. पण ज्याला न पाहिलेल्या गावाची कीव करायची सवय आहे, त्याने एकदा जानेवारीत यावं आणि कणसांकडे बघावं.

शिरूर अनंतपाळ

वैजनाथच्या वडिलांना सगळे अप्पा म्हणतात. त्यांचं किराणा दुकान आहे आणि दुकानाच्या मागेच घर. ही मंडळी लिंगायत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या आशेने आतल्या खोलीत डोकावलो, तर अप्पा, काकू आणि शिवलीला तिघं ओळीत बसलेले. कपाळावर भस्माचे पट्टे, आणि प्रत्येकाच्या डाव्या तळहातावर एक छोटं काळं इष्टलिंग. मी पाय न वाजवता मागे फिरलो. पूजा झाल्यावर तिघांनी आपापलं लिंग चांदीच्या डबीत ठेवलं आणि डबीचा दोरा पुन्हा गळ्यात घातला. मग काकूंनी चहा टाकला. पूजेआधी त्या पाणीही पीत नाहीत.

तुझं इष्टलिंग कुठे, असं मी वैजनाथला विचारलं. त्याने देवघराकडे बोट केलं. पुण्याला शिकायला आल्यापासून त्याची डबी तिथल्या खुंटीला लटकलेली आहे.

शिवलीला अकरावीत, उंच, काटक, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारी. शाळेच्या मैदानावर तिच्या संघाची तालीम बघायला गेलो. सात जणींचा खेळ, पण येतात बारा-तेरा. काळी माती वाळून दगडासारखी झालेली, तिच्यावर पडायचं म्हणजे हाडं मोडायची. म्हणून पोरींनी कडेला सोयाबीनच्या भुसकटाचा ढीग रचला आहे आणि टॅकल, म्हणजे पळणारीला धरून पाडणं, त्याच्यावरच शिकतात. नवा चेंडू पाहून त्यांचे डोळे चमकले. माझी जर्सी पाहून त्यांना वाटलं, मी खेळाडू आहे. तो गैरसमज मी जरा वेळ राहू दिला.

त्याचं फळ लगेच मिळालं. "दादा, पळा चेंडू घेऊन, मी अडवते," असं शिवलीला म्हणाली. मी पळालो. नंतरचं मला फक्त आभाळ आठवतं. मग नाका-कानात भुसकट आणि वरून वाकून बघणाऱ्या बारा पोरी. "लागलं का हो?" त्यातली एक खरंच काळजीने विचारत होती, बाकीच्या तोंडावर हात धरून होत्या.

संध्याकाळी संघातल्याच एकीच्या रानात हुरडा. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायची. मासे खाऊन वाढलेल्या माणसाला वाटतं, बिनमाशाचं जेवण म्हणजे शिक्षा. हुरड्याने माझी समजूत काढली. पोरी एकाच गोलात, एकीच्या हातावरचं दुसरी खात होती. खेळात एकमेकींच्या खांद्यात डोकं खुपसून उभं राहायचं असतं, तिथे कोण कुणाची ते बघत बसलं तर मान मोडेल. पण परत येताना अप्पांच्या घरी सगळ्या पाणी प्यायला थांबल्या, तेव्हा प्रणिता नावाची एक पोरगी उंबऱ्याबाहेरच थांबली. तिला कुणी अडवलं नव्हतं. आत ये असंही कुणी म्हटलं नाही. मी वैजनाथकडे पाहिलं. ज्यांच्या पूर्वजांनी जात मोडायला म्हणून नवा पंथ धरला त्यांच्या दारातली ही गोष्ट, आणि वैजनाथला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मग शिवलीलाच तांब्या घेऊन बाहेर गेली आणि प्रणिताशेजारी पायरीवर बसली. दोघी तिथेच पाणी प्यायल्या.

त्याच पायरीवर नंतर शिवलीलाने मला हळूच विचारलं, "दादा, लातूरला बाहेरचे पंच येणार हायत. ते गळा तपासत्यात का?"

तपासतात. नखं, बूट, कान, गळा. कुठेही कडक वस्तू चालत नाही, टॅकलमध्ये आपल्याला आणि समोरच्याला लागतं. गावातल्या सामन्यांत तिने डबी पट्टीने छातीशी आवळून निभावून नेलं होतं. लातूरला ते जमणार नव्हतं. आणि अप्पांनी तिला खेळू दिलं होतं ते एकाच अटीवर, की अंगावरचं लिंग उतरवायचं नाही. लातूरला खेळली नाही तर विभागाच्या संघात निवड नाही, आणि यंदा निवड झाली नाही तर बारावीच्या वर्षात अप्पा बूटच काढून ठेवणार.

मी नेहमीप्रमाणे भाषण दिलं. श्रद्धा मनात असते, वस्तूत नसते, वगैरे. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"तुमचं रग्बीचं वेड मनात हाय का?"

"आहे की."

"मंग ही काळी जर्सी कामून घालता?"

मी जर्सीला चिकटलेलं भुसकट झटकत बसलो.

जेवताना मी अप्पांकडे विषय काढून पाहिला. भाकरी, येसराची म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची आमटी, खारं वांगं, आणि वर तूप. अप्पा रागीट नाहीत. त्यांनी रग्बीचे नियम कुतूहलाने विचारून घेतले. मग म्हणाले, "पोरगी जिंकली तर सगळ्या शिरूरला पेढे मी वाटतो, पाहुणे. पण ते हाय तवर ती कुठंबी एकटी न्हाई. एवढंच मागतो मी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी वैजनाथच्या खुंटीवरच्या डबीबद्दल बोललो नाही. पण खरं सांगतो, आतून चीड आली होती. पोराला पुण्यात मोकळीक आणि पोरीच्या गळ्यात अट, हे सगळीकडे सारखंच, आमच्या गुहागरलाही. काकू भाकरी वाढत होत्या.

"मी येते उद्या लातूरला," त्या म्हणाल्या. "बहिणीकडं जाणं झालं न्हाई लई दिवसांत. अन् ही काय खेळती ते तरी बघते एकदा."

लातूर

बाजाराचा दिवस होता, म्हणून अप्पा दुकानावरच थांबले. काकू जरीच्या काठाचं लुगडं नेसून आमच्याबरोबर आल्या. वाटभर त्यांनी मला विचारलं, उभं कुठं राहायचं, आपली पोर ओळखायची कशी, ओरडलेलं चालतं का. एवढ्या उत्सुकतेने कुणी माझ्याकडून रग्बी शिकल्याचं मला आठवत नाही.

मैदानावर पोरी ओळीत उभ्या राहिल्या आणि पंच बाई तपासत आल्या. शिवलीलापाशी थांबल्या. पट्टीवरून हात फिरवला. आवाज न चढवता म्हणाल्या, "हे काढावं लागेल, बाळा. नियम सगळ्यांना एकच."

शिवलीलाने पट्टी सोडली, डबी मुठीत धरली आणि सरळ आमच्याकडे चालत आली. बूट सोडायला खाली वाकली.

"बूट कामून काढतीस?" काकू म्हणाल्या.

"अप्पांला शब्द दिलाय."

वैजनाथ पुढे झाला. "दे माझ्याकडं. मी धरतो."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुझं कुठं हाय?"

वैजनाथ दोन पावलं मागे सरला. काकूंनी माझ्याकडची पाण्याची बाटली घेऊन हात धुतले, कमरेच्या पिशवीतून भस्म काढून कपाळाला लावलं आणि मैदानाच्या कडेला मातीतच मांडी घातली.

"लेकरू असताना हिचं लिंग माझ्याच गळ्यात होतं. हिला सांभाळता येईपर्यंत. तवा ते हिच्या अंगावर नव्हतं का?" त्यांनी डावा तळहात पुढे केला. "आण. ह्यांला काय सांगायचं ते मी सांगन. तू जा."

शिवलीलाने डबीतून लिंग काढून आईच्या हातावर ठेवलं आणि पळत गेली.

शिट्टी वाजली. पहिलाच चेंडू शिवलीलाच्या हातात आला. "काकू, बघा, ती बघा!" मी ओरडलो. काकूंनी मान वर केली नाही. मी पुन्हा ओरडलो, तेव्हा वैजनाथने माझा दंड धरला.

"नको. मुठीत धरलं असतं तर ते नुसतं सामान झालं असतं. हातावर घेतलं म्हंजी पूजा. पूजा चालू हाय तवर ते उतरवलं असं होत न्हाई. पण पूजेत नजर हलवायची नसती."

"म्हणजे पूर्ण सामना?"

"हाव."

मी काकूंच्या शेजारी बसलो. काय करावं कळेना, म्हणून सांगायला लागलो. मोबाइलवर ऐकलेले सगळे इंग्रजी शब्द ओठांवर आले. काकू लिंगावरची नजर न हलवता म्हणाल्या, "समजंल असं सांग, लेकरा."

"चेंडू प्रणिताकडे आलाय. तिने शिवलीलाला दिला. शिवलीला पळतीय. दोघी अंगावर आल्या. पाडलं."

"उठली का?"

"उठली."

मग तेच चालू राहिलं. डावीकडे गेला चेंडू, उजवीकडे आला, त्यांनी पळवला, शिवलीलाने एकीला कमरेत धरून आडवं केलं, स्वतःही पडली. आणि दर वेळी काकूंचा एकच प्रश्न, उठली का? कोण पुढे आहे, किती गुण झाले, काहीच नाही. सूर्य थेट तोंडावर होता. डाव्या हाताला कंप सुटू नये म्हणून त्यांनी कोपर गुडघ्यावर टेकवलं होतं.

दुसऱ्या डावात तिला तिघींनी मिळून पाडलं. ढीग सुटला, बाकीच्या उठल्या.

"उठली का?"

खोटं सांगता आलं असतं, त्या बघणार नव्हत्याच. पण माझी हिंमत झाली नाही. "नाही काकू. अजून नाही."

त्यांच्या डाव्या हातावरचं लिंग हललं नाही. उजव्या हाताने त्यांनी माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. "सांगत ऱ्हा," त्या म्हणाल्या.

"आपल्या पोरींना शिकवणारे सर आत गेलेत. पाणी मारतायत. पाय धरलाय. बसली, काकू. बसली. प्रणिता हात देतीय. उठली. उठली!"

"पायावर भार देती का?"

"देतीय. चालतीय. थांबा... पळतीय."

त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

शेवटी शेवटी चेंडू तिच्या हातात आला आणि समोर मोकळं मैदान दिसलं. मी सांगायचंच विसरलो, उभा राहून नुसता किंचाळत होतो. खालून काकू माझी विजार ओढत होत्या. "काय झालं? अरं सांग की!"

"ठेवला! रेषेपल्याड चेंडू ठेवला तिने!"

"पडली का?"

"स्वतःहून पडली, काकू. तिथे पडायचंच असतं."

"मंग उठली का?"

"उठायची गरजच नाही. सगळ्यांनी उचललंय तिला."

सामना त्या हरल्या. एका ट्रायने, म्हणजे रेषेपल्याड एकदा चेंडू कमी ठेवला म्हणून. पण सर कागद घेऊन आले आणि विभागाच्या संघात शिवलीलाचं नाव वाचलं, प्रणिताचंही. पुढच्या महिन्यात पुण्याला सामने. पोरी माती उडवत नाचत होत्या.

शिवलीला आली. गुडघा सोललेला, ओठ सुजलेला. काकूंनी आधी लिंग डबीत ठेवलं, दोरा तिच्या गळ्यात घातला, गाठ दोनदा ओढून बघितली. मग मान वर करून लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदराने ओठावरची माती पुसली.

"पुण्याला मी येते," काकू म्हणाल्या. "तिथंबी काढाया लावतील."

शिवलीला हसत होती, ती थांबली. "म्हंजी तू तिथंबी बघणार न्हाईस." मग तिच्या ध्यानात आलं. "आई, मी खेळन तवर तू कवाच बघणार न्हाईस."

"जलमल्यापासून तुलाच बघून राहिले की गं," काकू म्हणाल्या. "घटकाभर न्हाई बघितलं तर काय हुतंय?"